वाकून वल्हवणे

सोमवार, १९ जुलै १९५४

आज हे माझ्याशी आपणहून बोलले. ‘मीठ दे’ आणि ‘आई कुठे आहे’ ही दोन वाक्यं मी बोलण्यात धरत नाही. म्हणजे खरंखुरं बोलले. म्हणून ट्रंकेच्या तळाची ही कोरी डायरी वर काढली. लग्नाला अडीच महिने होत आले, पण लिहावं असं काही घडतच नव्हतं.

आधी ते एकदाचं लिहून टाकते. हनुमान जयंतीला ह्यांनी तालमीतल्या मारुतीसमोर नारळ फोडला आणि दशरथ वस्तादांच्या सांगण्यावरून व्रत घेतलं. ‘उपनगर श्री’ स्पर्धेत पहिला नंबर येईपर्यंत ब्रह्मचर्य. पहिला नंबर, दुसरा चालणार नाही. आमचा मुहूर्त आधीच ठरलेला होता, तो मोडता येईना. म्हणून लग्नही झालं आणि व्रतही राहिलं. हे ओसरीवर झोपतात, मी माजघरात सासूबाईंच्या शेजारी. स्पर्धा माघात आहे. जिंकले तर व्रत सुटलं, नाही तर पुढच्या माघापर्यंत तसंच. सासूबाईंनी हे सगळं मला पहिल्याच आठवड्यात तांदूळ निवडता निवडता सांगितलं. नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगावं, तसं.

तर आज हे तालमीतून आले आणि घडी घातलेला कागद पुढे केला.

‘‘तुला इंग्रजी येतं ना?’’

‘‘शाळेत पहिली यायचे,’’ मी म्हटलं.

‘‘मग हे मराठीत सांग मला. रोज थोडं थोडं.’’

तालमीत कुणाच्या तरी बोटीवरच्या भावाने अमेरिकेतलं व्यायामाचं मासिक आणून दिलंय. वस्ताद ते बाहेर नेऊ देत नाहीत. त्यातला एक अख्खा लेख ह्यांनी बसून उतरवून आणला. अक्षर मात्र मोत्यासारखं आहे. हे गोदामाच्या ऑफिसात टायपिस्ट आहेत, दिवसभर इंग्रजी पत्रंच टाइप करतात. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, ‘‘टाइप करणं वेगळं, समजणं वेगळं.’’ असेल बाई.

बुधवार, २१ जुलै

लेख मोठा गमतीचा आहे. आपल्याकडे रोज जोर, रोज बैठका, एक दिवस चुकला तर मारुती रागावतो. हा अमेरिकेतला मनुष्य म्हणतो, आठवड्यातून तीनच दिवस व्यायाम करा. पण त्या दिवशी डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत सगळं अंग एका बैठकीत घ्या, कुठलाच भाग उपाशी ठेवू नका. मधल्या दिवशी विश्रांती. अंग व्यायामाने घडत नाही, विश्रांतीत घडतं, असं त्याने दोनदा लिहिलंय. भरपूर झोपा, दूध प्या, मन आनंदात ठेवा. मला तो माणूस आवडला. मनात त्याचं घर उभं राहिलं. दारात संत्र्याचं झाड, झाडाखाली लोखंड, आणि बायको खिडकीतून हाक मारतेय की अहो, आज विश्रांतीचा दिवस आहे, आत या.

वस्तादांनीही परवानगी दिली. मासिकातले दंड बघून ते दोन दिवस गप्प होते म्हणे.

शब्द मात्र अवघड आहेत. ‘कर्ल’ म्हणजे केस कुरळे करणं, हे मला ठाऊक आहे, पण दोन हातांनी वजन कुरळं कसं करायचं? ‘क्लीन अँड प्रेस’चं मी ‘धुऊन इस्त्री’ केलं. आणि ‘पुलओव्हर’ म्हणजे लोकरीचा स्वेटर, तोही खोल श्वास घेत. मी म्हटलं, तिकडे थंडी असते, अंगातून घाम निघावा म्हणून स्वेटर घालून श्वास घेत असतील. हे खाली बघत म्हणाले, ‘‘आपल्याकडे स्वेटर नाही.’’ आणि त्यांचे खांदे हलत होते. सासूबाई पलीकडे वाती वळत होत्या, त्या म्हणाल्या, ‘‘काय झालं रे?’’ ‘‘काही नाही, ठसका लागला,’’ हे म्हणाले.

ते तिन्ही शब्द तालमीत विचारून घेतो म्हणाले. मासिकात चित्रं नाहीत का, असं मी विचारलं. ‘‘आहेत. नीट आठवत नाहीत.’’

शनिवार, २४ जुलै

आज पाठीचा व्यायाम. ‘बेंट-ओव्हर रोइंग.’ हा शब्द मात्र मला पक्का येतो, चौथ्या रीडरमध्ये नावाड्याचा धडा होता. मी ठणकावून सांगितलं, ‘‘वाकून वल्हवणे.’’

ह्यांनी मान वर केली. बाहेर पागोळ्यांचा आवाज चालला होता.

‘‘वल्हवणं,’’ शेवटी म्हणाले. ‘‘म्हणजे होडी लागेल.’’

‘‘लागेलच.’’

‘‘हे तालमीत विचारायला नको. हे स्पष्टच आहे.’’

पहिल्यांदा माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला. झोपताना छातीत उगीचच भरून आलं होतं.

रविवार, १५ ऑगस्ट

सरूबाई कोळीण आमच्या दारी मासळी घेऊन येते. तिचं घर चारकोपला, खाडीच्या काठाशी. तिचा नवरा हरेश्वर, त्याची लहान होडी आहे. तिला विचारलं तर हसून टोपली खाली ठेवली. ‘‘गो बाय, लोक होडीतून मासली आणतात, तुजा नवरा होडीतून पाठ आणनार?’’ पण तयार झाली. शनिवारी कांदिवलीतले निम्मे लोक मारुतीचा वार म्हणून मासे खात नाहीत, त्यामुळे होडी दुपारभर रिकामीच असते. फक्त नारळी पौर्णिमेच्या आधी ते होडीला हात लावू देत नाहीत. काल पौर्णिमा झाली, दर्याला नारळ दिला. पुढच्या शनिवारपासून सुरुवात.

लेखात आठवड्यातून तीनदा सांगितलंय, होडी मिळणार एकदाच. पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

रविवार, २९ ऑगस्ट

दोन शनिवार झाले. तळहातांना फोड आलेत. मी हळद-तेल लावून दिलं असतं, पण व्रत आहे म्हणून वाटी नुसती समोर ठेवली. त्यांनी स्वतःच लावलं. हरेश्वर म्हणतो म्हणे, वाकून कशाला वल्हवतो, कंबर जाईल, ताठ बस. हे ताठच बसतात.

आज जेवताना मोठी गंमत झाली. लेखात एक वाक्य आहे, वजन हळूहळू वाढवत न्यावं. हे वरणभात कालवत म्हणाले, ‘‘आई, रिकामी होडी फार हलकी जाते. वजन लागेल. हिला नेऊ का?’’

सासूबाई म्हणाल्या, ‘‘वजनच हवं तर धोंडा टाक.’’

‘‘धोंड्याने तळ फुटतो.’’

‘‘आणि व्रताचं काय?’’

‘‘हरेश्वर काठावर जाळं दुरुस्त करत असतो. मिठागरावरचे लोक असतात. चारी बाजूंनी सगळं जग बघतं. त्याला एकांत कोण म्हणेल?’’

सासूबाईंनी बराच विचार केला. मग मला म्हणाल्या, ‘‘जा बाई. तो नंबर आला की सगळेच सुटू.’’

मी धोंड्याऐवजी जाणार आहे. मला हसू येतंय आणि थोडा अपमानही वाटतोय.

शनिवार, ४ सप्टेंबर

कसं लिहू? अजून सगळं हलतंय. डोळे मिटले की पाणी दिसतं.

मला ठाऊकच नव्हतं की वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते आणि तोंड मागे. मी मागच्या फळीवर बसले, हे माझ्यासमोर, आणि बघायला दुसरीकडे जागाच नाही. घरात आम्ही एकमेकांच्या पायांकडे बघून वागतो. मला आज कळलं की ह्यांच्या डाव्या भुवईत एक तुटकी रेघ आहे. डोळे तपकिरी आहेत, काळे नाहीत. मी अडीच महिने काळे समजत होते, नव्हे, आता चार महिने झाले.

दोन्ही बाजूंना तिवरं, त्यांची मुळं चिखलातून वर आलेली. बगळे उभ्याउभ्या झोपलेले. ऊन ढगांतून गाळून आल्यासारखं पडत होतं आणि खाडी इतकी संथ होती की वल्ही उचलली की थेंब पडल्याचं ऐकू यायचं. मग एकाएकी मला दिसलं, पुढे जाळ्याचा खुंट आहे आणि आम्ही सरळ त्याच्यावर चाललोय.

‘‘अहो, डावीकडे!’’

त्यांनी उजवीकडे घेतलं.

‘‘तुमचं डावं नाही, माझं डावं!’’ मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडले. होडी खुंटाला घासून गेली, हे हसले, अगदी मोठ्याने. मग ठरवलं की डावं-उजवं म्हणायचं नाही. मी ‘तिवरं’ म्हटलं की तिवरांकडे, ‘मिठागर’ म्हटलं की मिठागराकडे. पुढचं मला दिसणार, वल्ही त्यांच्या हातात. असे आम्ही दुपारभर गेलो. कुठे गेलो ते विचाराल तर कुठेच नाही.

काठावर उतरताना सरूबाई म्हणाली, ‘‘वजन बरा हाय का रे?’’ हे लाजले.

शनिवार, ९ ऑक्टोबर

आता सोमवार-बुधवार-शुक्रवारी पहाटे तालमीत लोखंड आणि शनिवारी दुपारी खाडी. लेखातल्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे अंग खरंच घडतंय. सदऱ्याच्या बाह्या दंडाशी अडतात, मी दोन सदरे उसवून परत शिवले. बैठका आता खांद्यावर लोखंड घेऊन काढतात. छाती दाराएवढी होत चाललीय.

आज होडीत म्हणाले, ‘‘तुला काय वाटतं, तो लेख लिहिणारा सुखी असेल?’’

मी संत्र्याच्या झाडाचं आणि खिडकीतल्या बायकोचं सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. वल्ही पाण्याबाहेर तशीच धरली आणि विचारलं, ‘‘मग तो आत जातो का?’’

‘‘कुठे?’’

‘‘ती हाक मारते तेव्हा.’’

‘‘लगेच जातो,’’ मी म्हटलं. होडी आपोआप वळत वळत थांबली. आम्ही किती वेळ तसे होतो कोण जाणे. ओहोटी लागली तेव्हा हरेश्वरने काठावरून हाका मारल्या.

ह्या माणसाशी माझं लग्न झालंय ह्याची मला आज फार लाज वाटली आणि फार आनंद झाला.

रविवार, ३१ ऑक्टोबर

दिवाळसणाला मुलुंडला माहेरी जाऊन आलो. जावयाचं कौतुक झालं, दंड बघायला शेजारची पोरं जमली. झोपायला ह्यांनी स्वतःहून माझ्या भावाची खोली मागून घेतली. आईने मला न्हाणीघराशी गाठलं. ‘‘सुहास, सगळं ठीक आहे ना गं?’’ मी सांगितलं, स्पर्धा आहे. तिने फक्त माझ्या केसांवरून हात फिरवला. ते मला सहन झालं नाही, मी तिथेच रडले.

पहिला नंबर हवाच. आणखी एक वर्ष मी अशी राहू शकणार नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. मारुतीरायाने वाचलं तरी चालेल.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

वाट लागली.

तालमीतले श्यामकांतभावजी ह्यांना भेटायला आले होते. हे ऑफिसातून यायचे होते. मी चहा ठेवला, सासूबाई देवळात. भावजींना बोलायची हौस फार. ‘‘वहिनी, नंदूचं सगळं झकास आहे, छाती बघा, मांड्या बघा. फक्त पाठ मागे पडतेय. वस्ताद म्हणतात, पाठ नाही भरली तर पहिला नंबर विसरा.’’

‘‘पाठीला काय करायचं असतं?’’ मी विचारलं.

त्यांनी कोपऱ्यातलं मुसळ घेतलं, कमरेत वाकले, आणि मुसळ दोन्ही हातांनी जमिनीवरून पोटाशी ओढलं. परत खाली, परत पोटाशी. ‘‘हे असं. फक्त मुसळाच्या जागी लोखंड.’’

‘‘आणि ह्याला म्हणतात काय?’’

‘‘रोइंग, वहिनी. बेंट-ओव्हर रोइंग.’’

चहा उतू गेला ते मला कळलंही नाही.

म्हणजे होडी नाही. खाडी नाही. वाकून लोखंड ओढणे, बस्स. वल्ही मारताना माणूस दिसतो तसा दिसतो म्हणून ते नाव. आणि मी शाळेत पहिली यायचे!

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

रात्रभर तेच. सांगितलं तर हे उद्यापासून तालमीत लोखंड ओढतील, पाठ भरेल, नंबर येईल. पण शनिवार गेला. मग पुन्हा ‘मीठ दे’. माघापर्यंत ह्यांचं तोंडही नीट दिसणार नाही. आणि नाही सांगितलं तर प्रत्येक शनिवार माझा, पण नंबर गेला. एक अख्खं वर्ष गेलं.

होडीतला नवरा हवा की घरातला?

शनिवार, २७ नोव्हेंबर

सांगणार होते. पाण्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ नव्हताच. वाटलं, आपण अशाच कुठल्या तरी गावाला निघालो आहोत, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही आणि तिथल्या लोकांनी आपली वाट बघत अंथरुणं घालून ठेवलीत. हे म्हणाले, ‘‘आज तू काही दिशा सांगत नाहीस.’’ मी म्हटलं, ‘‘काही दिसत नाही.’’ ‘‘मग राहू दे,’’ म्हणाले, आणि हळूहळू वल्हवत राहिले.

नाही सांगितलं.

शनिवार, ४ डिसेंबर

सांगितलं.

होडी खाडीच्या मधोमध आल्यावर एका दमात सांगून टाकलं. रोइंग म्हणजे होडी नव्हे, माझं इंग्रजी चुकलं, श्यामकांतभावजींनी मुसळ घेऊन करून दाखवलं, अजून दोन महिने आहेत, उद्यापासून लोखंड ओढा.

ह्यांनी वल्ही थांबवली. वाटलं, रागावतील. खरं तर रागावले असते तर बरं झालं असतं.

‘‘श्याम्याला काय कळतंय,’’ म्हणाले.

‘‘अहो, तो तालमीतला आहे!’’

‘‘अमेरिकेतले लोक दोन्ही करत असतील. होडीही आणि लोखंडही.’’

‘‘मग तुम्ही लोखंड का करत नाही?’’

‘‘आता ह्याची सवय झाली. पुढे काय आहे?’’

‘‘खुंट आहे,’’ मी रागाने म्हटलं, आणि कुठे वळायचं ते सांगितलंच नाही. त्यांनी बरोबर वळवली. त्यांना आता खाडी पाठ झालीय.

सगळा जीव गोळा करून मी बोलले आणि हा मनुष्य म्हणतो सवय झाली! ह्यांना जिंकायचंच नाही की काय? मला आता एक भयंकर शंका येते. व्रत म्हणजे ह्यांना ओझं नाहीच, उलट सोय आहे. नंबर नाही आला तर ह्यांचं काय बिघडतंय? ओसरीवर वारा छान येतो.

शनिवार, १८ डिसेंबर

डोकं दुखतंय म्हणून गेले नाही. ‘‘धोंडा न्या,’’ असं सांगितलं. हे एकटेच गेले आणि लवकर परतले. पाण्याला फार ओढ होती म्हणाले.

सोमवार, २० डिसेंबर

सरूबाई बोंबील घेऊन आली, तिला विचारलं, शनिवारी पाण्याला ओढ होती का. ‘‘कसली ओढ गो बाय! पानी तेलासारका व्हता. तुजा नवरा आमच्या म्हाताऱ्याच्या बाजूला बसून जालं बघत व्हता. होडीला हात नाय लावला त्यानं.’’ आणि माझ्याकडे बघून हसायला लागली.

हसण्यासारखं काय आहे? शुद्ध आळस! स्पर्धा तोंडावर आलीय आणि हे जाळी बघत बसतात. वर माझ्याशी खोटं बोलतात.

मीच आता सूत्रं हाती घेणार. आज रात्री ताटं उचलल्यावर मुसळाला दोन्हीकडे पाण्याच्या कळश्या बांधल्या आणि ओसरीवर आणून ठेवलं. सासूबाईंना सांगितलं, लेखात आहे. ह्यांनी निमूटपणे वाकून ओढलं. मी मोजत होते, हे ओढत होते, अर्धं पाणी ओसरीवर सांडलं. मध्येच मान वर करून म्हणाले, ‘‘पुढे काय आहे?’’ मी म्हटलं, ‘‘पुढे पहिला नंबर आहे. ओढा.’’

शनिवार, १५ जानेवारी १९५५

मी पुन्हा जाऊ लागलेय. सांगायचं म्हणजे, मी गेले नाही तर हे वल्हवतच नाहीत. दोन शनिवार बघितलं. निदान होडी तरी चालू दे, अजिबात काही न करण्यापेक्षा.

संक्रांत काल झाली. तिळगूळ आज होडीत दिला. खाडीवर पांढरे पक्षी आलेत, कुठून तरी लांबून, थंडीपुरते. आम्ही त्यांच्यात शिरलो तरी उडाले नाहीत, बाजूला झाले आणि परत जवळ आले. माझा राग असा टिकत नाही, हेच माझं मोठं दुःख आहे. ह्यांची पाठ मला दिसतच नाही. सगळा वेळ तोंडच दिसतं. पाठ भरली की नाही, मी काय सांगणार?

सोमवार, ७ फेब्रुवारी

काल स्पर्धा झाली. अशा स्पर्धांना बायका जात नाहीत. पण शाळेचं मैदान घरापासून लांब नाही आणि कर्णा मोठा होता. संध्याकाळी मी आणि सासूबाई ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत होतो. वारा फिरला की आवाज यायचा, मध्येच जायचा. नावं यायची, टाळ्या यायच्या, मग नुसती झाडांची सळसळ. मी डोळे मिटले होते. उजेडात उभं असलेलं ह्यांचं अंग मला दिसत होतं, त्याला मी शिवलेले नाही, पण प्रत्येक स्नायूचं नाव मी मराठीत केलंय.

मग कर्णा म्हणाला, ‘‘तृतीय क्रमांक,’’ आणि ह्यांचं नाव.

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी उठलेच नाही. पायरीला धरून बसले. एक वर्ष. पुढचा माघ. त्या क्षणी मला सगळ्यांचा राग आला. मारुतीचा, अमेरिकेचा, ह्यांचा आणि त्या नावाड्याच्या धड्याचा.

दिवेलागणीला हे आले, गळ्यात हार, सोबत दशरथ वस्ताद. वस्ताद माझ्या सासऱ्यांच्या हाताखाली तयार झालेले, सासूबाईंना फार मानतात. ओसरीवर बसले. मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी.

‘‘वहिनी, पोरानं नाव काढलं,’’ वस्ताद सासूबाईंना म्हणाले. ‘‘छाती एक नंबर. मांड्या एक नंबर. पाठीनं घात केला. हरकत नाही. येत्या शनिवारी मारुतीसमोर परत नारळ फोडू. एक वर्ष. पुढच्या माघात पहिला नंबर माझ्याकडं लागला.’’

मी ट्रे भिंतीला टेकवून धरला.

‘‘वस्ताद,’’ हे म्हणाले, ‘‘पाया पडतो. नारळ नको. तिसरा आलो, मला पुरे.’’

‘‘पुरे? काय पुरे?’’ वस्ताद उसळलेच. ‘‘अरे, पहिला होतास तू! ती होडी सोडली असतीस तर पहिला होतास! वहिनी, नारळी पौर्णिमेपासून ह्याच्या कानीकपाळी ओरडतोय मी. मासिक आलं त्या पहिल्या दिवशी ह्याला रोइंगचं चित्र दाखवलं. स्वतः वाकून करून दाखवलं. हा म्हणाला, समजलं वस्ताद. आणि शनिवार आला की हा खाडीवर! विचारलं तर म्हणतो, लेखात लिहिलंय. मला इंग्रजी येत नाही म्हणून काय झालं, चित्र तर दिसतं ना मला!’’

पहिल्या दिवशी. म्हणजे तो कागद माझ्या हातात यायच्या आधी.

सासूबाईंनी विचारलं, ‘‘खरं का रे? मग कशाला जात होतास?’’

हे हाराची फुलं कुरतडत बसले. मला वाटलं, आता काही तरी भलतंच सांगतील, पाण्याला ओढ होती वगैरे.

‘‘तालमीत हिला नेता येत नाही ना, आई,’’ हे म्हणाले.

मी दाराआड उभी होते आणि माझ्या गालांवरून धारा लागल्या होत्या. खरं सांगते, त्यात अर्धा राग होता. मी शाळेत इंग्रजीत पहिली यायचे आणि ह्या माणसाने सात महिने मला चुकू दिलं! स्वेटरसुद्धा!

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. वाटलं, व्रत मोडलं म्हणून रडतायत. पण त्या हसत होत्या. मग पदर नीट केला, माझ्या हातातला ट्रे स्वतः घेतला आणि वस्तादांपुढे ठेवला.

‘‘दशरथा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘चहा पी आणि आता घरी जा. माझा मुलगा नऊ महिने ओसरीवर झोपलाय. त्याला आत येऊ दे.’’

वस्तादांनी चहा बशीत ओतला, घाईघाईने संपवला आणि अंधारात चपला शोधू लागले.